नळीतला हिरवा उजेड

कुसुमआत्या परत आली त्या दुपारी माय कच्च्या केळ्यांचे वेफर तळत होती. दारात टांगा थांबला, टांगेवाल्याने पत्र्याची एक पेटी उतरवून ओसरीवर ठेवली आणि तिच्यामागून आत्या आत आली. खंडव्याला दिलेली लेक माहेरी येते तेव्हा आधी कळवते, सोबत जावई असतो, निदान मिठाईचा पुडा तरी असतो. आत्याच्या हातात काहीच नव्हतं. मायने झारा कढईत तसाच सोडला आणि तिच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, पाय धुऊन घे, जेवण व्हायचं असेल तुझं. एवढंच बोलली. वेफर करपले. त्या करपलेल्या तेलाचा वास अजून कुठे आला तर मी थांबते, आणि नवल म्हणजे तो वास मला आवडतो. कारण त्याच्यामागून जो पावसाळा आणि जो हिवाळा आला, तसे दिवस मला पुन्हा मिळाले नाहीत.

आमचं घर बुऱ्हाणपुरात, राजघाटाकडे उतरणाऱ्या गल्लीत होतं. केळीचं शेत जसोंडीला. माझे वडील, ज्यांना मी भाऊ म्हणे, रोज सकाळी मोटारसायकलवर तिकडे जात आणि दिवस मावळायला परत येत. घरात आजोबा होते, त्यांना सगळे बाबा म्हणत. गल्लीच्या दोन्ही अंगांना पावरलूम. खटक-खटक, खटक-खटक, सकाळपासून ते आम्ही झोपेपर्यंत. आम्हाला तो आवाज ऐकू येतच नसे. ऐकू येई ती लाईट गेल्यावरची शांतता. एकदम सगळे माग थांबत आणि तापीच्या काठावरच्या कपडे धुण्याचे धपके घरात येत. मी तेव्हा कॉलेजात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते. आमच्या घरात इतकं शिकलेली माझ्या आधी एकच, ती कुसुमआत्या. फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाली होती. लग्न ठरताना बाबांनी सासरच्यांना विचारलं होतं की पोरीला पुढे एम.एस्सी. करायची आहे, आणि ते हो म्हणाले होते. मग एक वर्ष नणंदेचं लग्न निघालं, एक वर्ष सासू आजारी पडली, एक वर्ष नुसतंच गेलं. शेवटी सासूने माळ्यावरची तिची सगळी पुस्तकं रद्दीवाल्याला घातली. आत्याचे यजमान, ज्यांना मी मामा म्हणत असे, तेव्हा घरातच होते. रद्दीवाल्याने पुस्तकं दोरीने बांधली, ते पेपर वाचत बसले. आत्याने हे मायला एकदाच सांगितलं, न रडता, चुकलेला हिशेब सांगावा तसं. त्यांनी मारलं असतं तर मी राहिले असते बहुतेक, असंही ती म्हणाली, आणि मायने तिच्या तोंडावर हात ठेवला.

बाबांनी तिच्याशी बोलणं सोडलं. हाकललं नाही, रागावले नाहीत. तिला सांगा जेवून घे म्हणाव, तिला सांगा दार लोटून घे म्हणाव, असं ते तिच्या समोरच मायला सांगत. आत्या ते ऐके आणि उठून दार लोटून घेई. संध्याकाळी मात्र मी अभ्यासाला बसले की बाबांची नजर माझ्याकडे वळे. एकदा त्यांनी भाऊंना विचारलेलं मी ऐकलं: एका लेकीला शिकवून पाहिलं आपण, काय झालं? मंग हिला कशाला? भाऊंनी उत्तर दिलं नाही, आणि भाऊंचं गप्प बसणं म्हणजे अर्धा होकार असे. त्या दिवसापासून आत्याचं काय होतं त्यावर माझंही ठरणार हे मला कळून चुकलं. कुणी ते तोंडाने म्हटलं नाही, पण मला पाहायला लोक येणार असल्याचं माय शेजारणीशी बोलू लागली होती.

कॉलेजातल्या प्रयोगशाळेत एक बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि त्यांच्या जागी काही महिन्यांसाठी कुणी हवं होतं. आमचे फिजिक्सचे पाठक सर भाऊंना ओळखत. त्यांनी विचारलं, भाऊंनी बाबांना विचारलं, बाबा म्हणाले तिला सांगा घरात बसून तरी काय करून राहिली. तो होकार आहे असं आम्ही ठरवून टाकलं. तेव्हापासून आत्या आणि मी सकाळी जोडीने निघायचो. तिच्या दोन साड्या होत्या कॉलेजला नेसायच्या, एक निळी, एक विटकरी. ती भराभर चालायची, बाजारातून जाताना गरम मावा जिलेबीच्या कढईपाशी हमखास रेंगाळायची, आणि पुन्हा भराभर चालायची. मला तिच्याबरोबर चालताना धाप लागे. तिच्या सासरी तिला कुणी असं चालू दिलं नसणार, हे मला फार नंतर सुचलं.

पाठक सर भला माणूस होता. कॅथोड किरणांचा धडा ते फळ्यावर शिकवत. खडूने नळी काढत, दोन टोकं काढत, बाण काढत, आणि हात झटकून म्हणत, समजा आता ही नळी उजळली. दरवर्षी मुलं समजून घेत. खरी नळी कपाटात होती. जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेली, हाताएवढी लांब, काचेची. तिच्या पोटात पत्र्याचा छोटासा क्रूस उभा होता आणि खाली पंपाला जोडायला काचेची तोटी. आत्याने ती बाहेर काढली तेव्हा पाठक सर म्हणाले की ती कधीच चालली नाही, ते आले तेव्हापासून नाही. आत्या म्हणाली, सर, मी करून पाहू का? त्यांनी हसून चावी तिच्या हातात दिली.

दुपारी घरी आलं की आम्ही गच्चीवर बसत असू. कधी तिच्या मांडीवर मेथीची जुडी, कधी ज्वारी निवडायचं सूप, आणि हात चालू असताना ती मला त्या किरणांची गोष्ट सांगे. मी पुस्तकात ती वाचली होती, पण ती गोष्ट आहे हे मला माहीत नव्हतं. नळीतली हवा काढून दोन टोकांना जबर वीज जोडली की ऋण टोकाकडून काहीतरी निघतं आणि समोरच्या काचेवर आदळतं; काच हिरवी उजळते. पण ते काहीतरी म्हणजे काय, यावर युरोपातल्या मोठमोठ्या माणसांचं वर्षानुवर्षं भांडण. जर्मनीतले म्हणत लाटा आहेत, प्रकाशासारख्या. इंग्लंडातले म्हणत कण आहेत. जर्मनीतल्या एका फार मोठ्या शास्त्रज्ञाने विजेच्या दोन पट्ट्यांमधून ते किरण सोडून पाहिले. कण असते तर एका पट्टीकडे ओढले गेले असते. गेले नाहीत. सगळ्यांना वाटलं, झालं, लाटाच. मग केंब्रिजच्या एका प्राध्यापकाने तोच प्रयोग पुन्हा केला, फक्त नळीतली हवा आणखी काढली, आणखी, आणखी. तेव्हा किरण वाकले. पहिल्या माणसाचं काही चुकलं नव्हतं गं मालू, आत्या म्हणाली, त्याच्या नळीत थोडी हवा उरली होती, बास. आणि कोणताही धातू घ्या, कोणतीही हवा भरा, निघणारा कण तोच. सगळ्यात हलक्या अणूपेक्षाही कितीतरी हलका. अणूच्या आत काही असेल असं तोवर कुणाच्या मनात आलं नव्हतं, आणि त्याच्या आतून हा इलेक्ट्रॉन निघाला. हे सांगताना तिच्या हातातली मेथी तशीच राही. मी आता निवृत्त शिक्षिका आहे. हाच धडा मी भुसावळच्या शाळेत पोरांना जन्मभर शिकवला आणि दरवेळी मला वाटत आलं की आपण फक्त तिचं उष्टं वाढतो आहोत.

नळी चालेना. पंप लावला की गुलाबी-जांभळा धागा दिसे, सुंदर दिसे, पण तिथेच अडे. हवा कुठूनतरी आत शिरत होती. आत्याने तोटी उकळत्या पाण्यात धुतली, नवं ग्रीस लावलं, सांध्यांवर लाख वितळवून ओतली. बोटं भाजून घेतली. एकदा धागा रुंद झाला, त्याचे पट्टे पडले, पट्ट्यांमध्ये काळोख पसरायला लागला आणि आम्ही दोघी श्वास रोखून उभ्या, तोच बाहेरचे माग थांबले. पंपही थांबला. लाईट परत आली तोवर नळीत हवा भरली होती. आत्या स्टुलावर बसली आणि मोठ्याने हसली. घरी ती कधी अशी हसत नसे.

जमलं ते डिसेंबरातल्या एका दुपारी. खिडक्यांना आम्ही घोंगड्या टांगल्या होत्या. पंपाची घरघर, जबर वीज देणाऱ्या इंडक्शन कॉइलचा किरकिराट, विजेचा तो धुतल्या लोखंडासारखा वास. पट्टे विरले, काळोख नळीभर पसरला, आता काहीच नाही असं वाटलं, आणि मग पलीकडच्या टोकाची काच हळूहळू हिरवी झाली. कोवळ्या केळीच्या सुरळीतून सकाळचं ऊन येतं ना, तसा हिरवा. त्याच्या मध्यभागी क्रुसाची काळी सावली. आत्याने माझा हात धरला; तिच्या हाताला लाखेचा वास होता. पाठक सरांना बोलावून आणलं, तर ते दारातच उभे राहिले, चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. म्हणाले, इतकी वर्षं मी समजाच म्हणत आलो. सोमवारी सगळ्या वर्गाला दाखवायचं ठरलं.

रविवारी मामा आले. बाबांनीच त्यांना निरोप धाडून बोलावलं होतं, हे आम्हाला तेव्हा कळलं. वाळलेला, उंच माणूस, सरकारी कचेरीत नोकरी, बोलताना जमिनीकडे बघायची सवय. मायने घाईघाईने वांग्याचं भरीत केलं, पुरी केली, गोड म्हणून भाऊंनी दुकानातून दराबा आणला. जेवणं झाल्यावर बाबांनी मायला सांगितलं, तिला सांगा पेटी भर, उद्या सकाळच्या गाडीने जावईबापूंसोबत जायचं. आणि मग, मी ताटं उचलत होते तिकडे बघून, भाऊंना म्हणाले की हिचीही परीक्षा झाली की बास, आलेलं स्थळ बरं आहे. मी ताटं तशीच खाली ठेवली. भाऊ गप्प होते.

आत्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. तिने पदर सारखा केला. तिचा आवाज शांत होता.

"उद्या दुपारी मला वर्गाला एक प्रयोग दाखवायचा आहे. तो झाल्याशिवाय मी कुठेच येणार नाही. त्याच्यानंतर काय ते बोलू."

बाबा तिच्याकडे न बघता उठायला लागले. तेव्हा मामा बोलले. त्यांना मी तोवर आपणहून बोलताना ऐकलंच नव्हतं.

"मी थांबतो उद्या. मला पाहता येईल का तो?"

आत्या म्हणाली, या. आणि जावई परक्या ठिकाणी एकटा जाणार म्हटल्यावर बाबांनाही जाणं भाग पडलं. सोमवारी ते धुतलेला सदरा आणि टोपी घालून आमच्यामागून कॉलेजात आले. आवारातल्या मुली त्यांना बघून बाजूला होत होत्या आणि ते प्रत्येकीला वाट देत होते. मला वाटत होतं, लाईट गेली तर सगळं संपलं; तिचं आणि माझंही. वाटभर मी मागांचा आवाज कान देऊन ऐकत चालले, जन्मात पहिल्यांदा.

लाईट गेली नाही. वर्ग अंधारात दाटीवाटीने उभा होता, बाबांना आणि मामांना पुढे स्टूल दिले होते. आत्या बोलत नव्हती, फक्त पंप चालू होता. गुलाबी धागा आला तेव्हा मुलं कुजबुजली आणि कुणीतरी टाळी वाजवली. आत्या म्हणाली, अजून नाही. पट्टे आले. अजून नाही. काळोख आला, आणि तो इतका वेळ राहिला की मागच्या मुली हसायला लागल्या. मग हिरवं उजळलं आणि सगळे गप्प झाले. आत्याने लोहचुंबक उचलला. नळीजवळ नेला. क्रुसाची सावली सरकली. बाजूला घेतला, सावली जागेवर आली. प्रकाशाची सावली अशी हलत नाही, ती म्हणाली, कंदिलापुढे चुंबक धरून बघा. म्हणजे हा प्रकाश नाही, हे कण आहेत, विजेने भरलेले.

बाबा स्टुलावरून उठले. सगळ्यांना वाटलं निघाले. ते नळीपाशी गेले आणि त्यांनी हात पुढे केला. आत्याने चुंबक त्यांच्या हातात दिला. बाबांनी तो नेला, आणला, नेला, आणला. सावली त्यांच्या हातासोबत हलत होती. त्यांच्या चेहऱ्याची एक बाजू हिरवी दिसत होती.

"हे कण फक्त ह्या नळीत आहेत का?"

किती महिन्यांनी त्यांनी तिला सरळ विचारलं होतं.

"सगळ्यात आहेत, बाबा. ह्या पत्र्यात, काचेत, आपल्या केळीत. तुमच्या हातात बी."

बाबांनी आपल्या हाताकडे पाहिलं. चुंबक टेबलावर ठेवला, अगदी सावकाश, अंडं ठेवावं तसा.

घरी येताना ते दोघे पुढे चालत होते, बाबा आणि मामा, आणि आम्ही मागे. मामा बोलत होते, म्हणजे सलग बोलत होते. वाऱ्यावर तुकडे ऐकू येत. ती पुस्तकं मी अडवायला हवी होती बाबा, असं एकदा ऐकलं. बाबा काही म्हणाले ते ऐकू आलं नाही. दारात पोचल्यावर मामा थांबले आणि वळून आत्याला म्हणाले की इंदूरला एम.एस्सी.चे प्रवेश कधी होतात ते विचारून ठेव. आणि थोडं थांबून, आईशी मी बोलतो. आत्या म्हणाली, मी इंदूरला जाईन, पण खंडव्याच्या घरी येईन का ते मला आत्ता सांगता येणार नाही. मामा म्हणाले, बरं. ते संध्याकाळच्या गाडीने एकटेच परत गेले. आत्याने त्यांना डब्यात भरीत-पुरी बांधून दिली. माणूस रागावून डबा बांधत नाही, एवढं तेव्हा मलाही कळत होतं.

माझ्या स्थळाचं नाव पुन्हा निघालं नाही. कुणी काही ठरवल्याचं मला सांगितलं नाही. पुढच्या वर्षाची फी भरायच्या वेळी बाबांनीच भाऊंना आठवण केली, इतकंच. पावसाळ्याच्या तोंडाशी आत्या इंदूरला गेली. मी खूश होते. सगळं आम्हाला हवं तसं झालं होतं आणि मी खरंच खूश होते. पण तिला बुऱ्हाणपूर स्टेशनवर सोडून आले आणि गच्चीवर गेले, तर तिथे ज्वारीचं सूप भिंतीला टेकवलेलं, शेजारी तिचं बसायचं पोतं, आणि मला काय करावं ते सुचेना. मी तिथेच उभी राहिले. कॉलेजला एकटी जायला लागले तेव्हा पाय आपोआप भराभर पडायचे आणि मग कशासाठी पळतो आहोत असं वाटून हळू व्हायचे.

तिचं चांगलं झालं. एम.एस्सी. झाली, इंदूरलाच कॉलेजात लागली. मामांनी बदली मागून घेतली आणि तिकडे खोली घेतली. दोघांचा संसार तिथे पुन्हा सुरू झाला, आणि शेवटची वर्षं सासूही त्यांच्याकडेच होती. मी बी.एस्सी. केलं, बी.एड. केलं, लग्न होऊन भुसावळला आले. आम्ही लग्नाकार्यात भेटायचो, घाईत, माणसांच्या गर्दीत. ती मला विचारी, शाळा कशी आहे, मी विचारी, तब्येत कशी आहे. मला वाटे, तिला तो पावसाळा आणि तो हिवाळा आठवतही नसेल. तिच्यासाठी तो वाईटच काळ होता की. नवऱ्याचं घर सुटलेलं, बाप बोलत नाही. सुखाचा तो फक्त मला होता. म्हणून मी कधी तिच्याजवळ विषय काढला नाही.

मामा गेले त्यानंतरच्या हिवाळ्यात मी तिला भेटायला इंदूरला गेले. तिचे गुडघे गेले होते, कान कमी झाले होते. दुपारी आम्ही स्वयंपाकघरात जमिनीवर बसलो, तिला खुर्ची नको होती. मटार सोलत होतो. न राहवून मी विचारलं, आत्या, त्या सोमवारी लाईट गेली असती तर? मला दोनदा विचारावं लागलं. ती शेंग हातात धरून विचार करत राहिली.

"तर काय. पुन्हा केव्हातरी जमलंच असतं. पण तेवढे दिवस मी तुझ्याजवळ राहिले असते," ती म्हणाली. "इंदूरला पहिलं वर्ष मी रोज संध्याकाळी रडायचे गं. सगळ्यांना वाटायचं, नवऱ्यासाठी रडते."

ती पुन्हा मटार सोलायला लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी माझी गाडी होती, ती मी सोडून दिली. मुलाला फोन करून सांगितलं की उद्या येते, का ते सांगितलं नाही. दिवसभर आम्ही दोघी त्या स्वयंपाकघरात बसून होतो. काय बोललो ते मला आता सांगता येणार नाही. बहुतेक काहीच नाही. ऊन खिडकीतून आलं, फरशीवरून सरकत भिंतीपर्यंत गेलं. तेव्हा तिने विचारलं, भूक लागली का मालू? मला भूक नव्हती. मी म्हटलं, हो, आणि ती भाकरी करायला उठली.